आपल्या वस्तीत कल्याणमित्र आहे का?

भिवंडीत यंत्रमागांची खटखट रात्री थांबत नाही. माणकोली, काल्हेर, पूर्णा भागातल्या गोदामांत आपली मुले रात्रपाळी करतात आणि उजाडल्यावर घरी येऊन पडतात. खोली एक आणि माणसे सहा. अशा घरात मुलाला ताप आला तर अख्खी चाळ विचारपूस करते. पण तोच मुलगा महिनाभर कोणाशी धड बोलला नाही, ताटावरून उठू लागला, तर आपण म्हणतो, "आळशी झालाय." मुलगी गप्प झाली तर म्हणतो, "लग्न झालं की येईल ताळ्यावर." मनाच्या दुखण्याला आपण दुखणे मानतच नाही.

या दुखण्याची कारणे मुलाच्या स्वभावात शोधून भागत नाही. कर्ज काढून मिळवलेल्या पदवीला नोकरी नसते. कॉलेजात आडनाव कळताच समोरच्याचा चेहरा बदलतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला आपल्यातून गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तिच्या घरच्यांनी जातीवरून छळ झाल्याचा आरोप केला. ही मुले दुबळी नव्हती. अन्यायाविरुद्धचा लढा कायद्याने आणि संघटनेने लढायचाच आहे. पण तोवर आपल्या मुलांजवळ कोण बसणार?

बाबासाहेबांचीच गोष्ट घ्या. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. जात कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी वसतिगृह सोडायला लावले. त्यांनी दोन मित्रांना आसरा मागितला. एक म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास ते सार्वजनिक बागेत बसून राहिले. त्या वेळी लहान मुलाला यावी तशी आई-वडिलांची आठवण आली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एवढा मोठा माणूसही खचतो आणि ते लपवत नाही, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. पुढे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायला जाताना नवल भथेना या पारशी मित्राने त्यांना पैसे उसने दिले. वेळेला उभा राहणारा एक मित्र किती मोलाचा असतो, ते यावरून कळते.

भगवान बुद्धांना आनंद एकदा म्हणाला, कल्याणमित्राची सोबत म्हणजे अर्धा धम्ममार्गच. भगवंतांनी त्याला थांबवून सांगितले, अर्धा नव्हे, तो संपूर्ण मार्ग आहे.

हे प्रत्यक्षात करता येते. नाशिक जिल्ह्याच्या पेठ तालुक्यात २०१३ पासून ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा उपक्रम झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राने तो चालवला. गावातल्याच साध्या माणसांना दुःखी माणूस ओळखायला, त्याचे ऐकून घ्यायला आणि गरज पडल्यास दवाखान्यात पोचवायला शिकवले गेले. ही माणसे डॉक्टर नव्हती, शेजारी होती.

आपल्याकडे रविवारी वंदनेला विहारात तरुण मुले-मुली जमतात. त्यांतल्या दोन मुलांनी आणि दोन मुलींनी ही जबाबदारी घ्यावी. आधी जाणकाराकडून शिकून घ्यावे. मग पुढचे नियम पाळावेत.

पहिला नियम ऐकण्याचा. उपदेश नको, "आमच्या वेळी" नको. दुसरा, ऐकलेले चाळीत पसरवायचे नाही. तिसरा, कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलला तर सरळ विचारायचे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. उत्तर 'हो' आले, तर त्याला एकटे सोडायचे नाही. तेवढी गोष्ट मात्र गुपित ठेवायची नाही. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगून त्याला लगेच डॉक्टरकडे न्यायचे. चौथा, ऐकणाऱ्यानेही सगळा भार एकट्याने वाहायचा नाही. आपल्या जोडीदाराशी बोलायचे.

१४४१६ या सरकारी 'टेलीमानस' क्रमांकावर रात्रंदिवस फुकट बोलता येते, मराठीतही. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलेला माणूस वेडा ठरत नाही. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्याला शिक्षा न करता उपचार मिळावेत, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ठरवले आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणीही घरात लपवून ठेवू नये.

आई-वडिलांनो, आज रात्री मुलगा कामावरून आला की पगाराचे नंतर विचारा. आधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "कसा आहेस रे?" मग उत्तर येईपर्यंत थांबा.

जयभीम!