गोदामातील मांजरी आणि आपली जीवदया

धान्याच्या गोदामात मांजर व्याली की पिले पोत्यात घालून गावाबाहेर सोडण्याची रीत लहान गावांच्या पेठेत अजूनही आढळते. हिंसा टळली, असे मनास वाटते. प्रत्यक्षात पिले उपासमारीने मरतात. अशा स्थितीत प्राण्यास टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

मांजरीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा. पाच महिन्यांची मांजरही गाभण राहू शकते. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते. म्हणून मोठ्या भटक्या मांजरीची पशुवैद्याकडून नसबंदी करून तिला मूळ जागीच सोडावे. कानाचे कापलेले टोक ही तिची खूण. घर मिळवून द्यावे ते पिलांना. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात हाताळलेली पिले सहज माणसाळतात; पुढे ते कठीण होते.

येथे आपल्यापुढे धर्मसंकट उभे राहते. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे; मांसातील टॉरिन न मिळाल्यास तिची दृष्टी व हृदय दुबळे होते. केवळ दूधभातावर तिला ठेवणे हीदेखील हिंसाच. तेव्हा जेथे तिचा आहार मिळेल, त्याच घरी पिलू द्यावे. शस्त्रक्रियेचा खर्च, पिंजरा, वाहन आणि योग्य घराचा शोध हा भार मात्र आपण उचलावा. पांजरपोळ उभारणाऱ्या समाजास तो जड नाही.