बातमी सांगायची नाही

मराठवाड्याला रेडिओ नवा नाही. देश स्वतंत्र झाला तेव्हा संस्थानांच्या हाती पाच रेडिओ केंद्रे होती. त्यांतले एक औरंगाबादचे, निजामाचे. तेव्हा सरकारने बोलायचे आणि रयतेने ऐकायचे अशी रीत होती. नांदेड-लातूरच्या पोरापोरींच्या हाती माइक द्यायला आज यंत्राची अडचण नाही. अडचण आहे ती परवान्यातल्या एका कलमाची.

विद्यार्थी रेडिओ कशासाठी चालवतात, हे १९४२ साली मुंबईत दिसले. भारत छोडो आंदोलनात पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. बावीस वर्षांच्या उषा मेहतांनी शिक्षण बाजूला ठेवले आणि सोबत्यांबरोबर ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. ऑगस्टअखेर ते १२ नोव्हेंबर एवढेच त्याचे आयुष्य. पोलिसांना चुकवत सतत जागा बदलायच्या आणि रोज बोलायचे. विदर्भातल्या आष्टी-चिमूरमध्ये ब्रिटिश सरकारने केलेले अत्याचार या रेडिओने लोकांपर्यंत पोचवले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली ती हा रेडिओ चालवल्याबद्दल.

पुढे १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता ठरवली. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. २००२ च्या सामुदायिक रेडिओ धोरणाने शिक्षणसंस्थांना दार उघडले, २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर ऐकू येते. अशा केंद्राला शंभर वॅटची मर्यादा आहे. म्हणजे आवाज पाच-दहा किलोमीटर जातो. एका शहराला तेवढा पुरतो.

या केंद्रांना स्वतःची बातमी मात्र सांगता येत नाही. परीक्षा, निकाल, हवामान चालते. पाणी-विजेबद्दल प्रशासनाने दिलेली सूचनाही चालते. नळ सहाला येणार हे सांगा, पण तो कामून आला नाही हे वार्ताहर होऊन विचारू नका!

लातूरकरांना या कलमाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. मार्च २०१६ मध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. शिकवण्यांसाठी गावोगावची मुले इथे खोल्या करून राहतात, मेसवर जेवतात. टँकर कोणत्या गल्लीत पोचला, कुठे नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात जवळपास दहा हजार माणसे गेली. तिथे मदत कुठे अडली हे सांगणारा आवाज त्या गावांतलाच असायला हवा होता.

पोरे वाट्टेल ते बोलतील, अशी भीती घातली जाते. मला ती पटत नाही. हीच पोरे मोबाइलवरून जगभर काहीही पाठवू शकतात. रेडिओवर उलट केंद्राचे नाव असते, जबाबदार संस्था असते आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधनही असते. कोणाची तक्रार आली तर ते ध्वनिमुद्रण काढून ऐकता येते. बातमीवरचे कलम काढायला याहून मोठी हमी सरकारला कोणती हवी?