हातचा निसटतो तेव्हा
आकड्यांशी अडखळताना : लेखांक ६

बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत. वर्ग पाचवीचा; शाळा जळगावची असो की धुळ्याची. दोनातून सात जात नाहीत हे मुलगा बरोबर ओळखतो. दशकाकडून हातचा घेतो आणि बाकाखाली बोटं मोजत बारातून सात वजा करतो. पाच येतात. तेवढ्यात रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजतो. पुन्हा वहीत पाहीपर्यंत दशकातल्या पाचाचे चार झाल्याचं त्याच्या लक्षातून गेलेलं असतं. उत्तर येतं ३५, आणि बाईंचा शेरा : ‘लक्ष दे.’

शेरा खोटा नाही, पण अपुरा आहे.

पाचवीतल्या बहुतेक मुलांना बारातून सात गेले की पाच, हे मोजावं लागत नाही, ते आठवतं. गणन अक्षमता, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, असलेल्या मुलाला ते दर वेळी नव्याने मोजावं लागतं. त्याचं लक्ष मोजण्यातच खर्ची पडतं, हातच्यासाठी उरत नाही. हे मूल इतिहासाच्या तासाला अगदी एकाग्र असू शकतं. काही मुलांत मात्र अवधानाचा वेगळा विकारही असतो, ज्याला एडीएचडी म्हणतात. जेरुसलेममध्ये चौथीच्या मुलांची मोठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. तीत सुमारे साडेसहा टक्के मुलांना गणन अक्षमता आढळली आणि त्यांतल्या २६ टक्के मुलांत एडीएचडीची लक्षणं दिसली. म्हणजे चारांतलं साधारण एक मूल. उरलेल्या तिघांना ‘चंचल’ म्हणून मोकळं होणं हा अन्यायच.

इस्रायलच्याच बेन-गुरियन विद्यापीठातल्या सरित अश्केनाझी आणि अविशाई हेनिक यांनी २०१० मध्ये यापुढचं पाऊल टाकलं. गणन अक्षमता असलेल्या तरुणांची सावधता आणि विचलित करणारी माहिती बाजूला सारण्याची क्षमता त्यांना कमकुवत आढळली. मग लक्ष सुधारलं की गणित सुधारेल का? नंतर त्यांनी व्हिडिओ गेमच्या मदतीने सराव घेतला. लक्ष सुधारलं, आकड्यांची अडचण तशीच राहिली. दोन्ही त्रास असलेल्या मुलांना एडीएचडीचं औषध देऊन झालेल्या २००८ च्या अभ्यासातही आकड्यांची मूळ जाण बदलली नाही. पालकांनी हे नीट समजून घ्यावं. लक्षासाठीचे उपचार गरजेचे असतील तर जरूर करावेत, पण गणिताची शिकवणी वेगळ्या पद्धतीनेच द्यावी लागते.

मराठी मुलावर आणखी एक भार असतो. ‘सत्तावीस’ ऐकताना सात आधी येतात, लिहिताना मात्र वीस आधी. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसातून एक मनातल्या मनात वजा करायचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशा वाचनाचा पर्याय आला, तेव्हा त्याची भरपूर थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू ठामपणे मांडली. गणन अक्षमता असलेल्या मुलांपुरता तरी तो पर्याय मोलाचा आहे. खानदेशात घरी अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी, अशी कसरत करणाऱ्या मुलांचं अडखळणं कुठलं आणि अक्षमता कुठली, हेही शिक्षकांनी तपासून पाहायला हवं.

वर्गात करण्यासारखं बरंच आहे. चौकटींची वही द्यावी, हातचा रंगीत पेन्सिलीने वर लिहू द्यावा, एका पानावर दोनच उदाहरणं द्यावीत आणि पाढ्यांचा तक्ता समोर ठेवावा. ही फसवणूक नव्हे. लक्ष वाचवून ते रीत समजण्यावर लावण्याची ही सोय आहे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये गणन अक्षमतेचा स्पष्ट उल्लेख आहे. पडताळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी व्हावी, प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळावं आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी व्हावी, असं त्याखालच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं होतं. दहावीला जादा वेळ, कॅल्क्युलेटर, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित अशा सवलती आहेत. अनेक पालक त्यांच्यासाठी दहावीचा अर्ज भरताना धावपळ करतात, तोवर सहा-सात वर्षं हातची गेलेली असतात. मूल तिसरीत असतानाच शासकीय रुग्णालयात चौकशी करा, आणि गणिताची व लक्षाची, दोन्ही तपासण्या एकत्र मागा.