वाटी भरलेली, पाखरू उपाशी

नव्यानं घरी आणलेल्या पक्ष्याबद्दलचा सगळ्यात घातक गैरसमज चाऱ्याच्या वाटीतच असतो. वाटी काठोकाठ दिसते, म्हणून घरातले निश्चिंत असतात. प्रत्यक्षात पोपटाच्या कुळातले छोटे पक्षी दाणा चोचीत फिरवून सोलतात, गर गिळतात आणि फोलपट तिथंच टाकतात. दिवसभरात वाटीवर फोलपटांचा थर साचतो. वरून तो दाण्यांसारखाच दिसतो, खाली मात्र दाणा उरलेला असेलच असं नाही. बुजलेला पक्षी तो थर उकरून बघायलाही धजत नाही. म्हणून रोज सकाळी वाटी बाहेर काढून तिच्यावर हलकी फुंकर मारा. फोलपटं उडतात आणि खरा चारा किती आहे ते कळतं.

हीच फोलपटं दुसरा गैरसमजही दूर करतात. ‘आमच्यासमोर खात नाही, म्हणजे खातच नाही’ असं बरेच जण घाबरून म्हणतात. नवा पक्षी पहिले काही दिवस माणूस खोलीत असताना वाटीला तोंड लावत नाही, हे अगदी नेहमीचं आहे. ताजी फोलपटं पडलेली असतील, पिंजऱ्याच्या तळाशी विष्ठेचे ठिपके असतील, तर तुमच्या पाठीमागे जेवण चालू आहे.

तो असा का वागतो हे समजायला तो कुठला आहे ते पाहावं लागेल. आपल्याकडच्या दुकानांत ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा बजरीगर असतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, थव्यानं फिरणारा, जमिनीवर उतरून गवताचं बी वेचणारा पक्षी. १८४० साली जॉन गूल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडला नेला आणि पुढे तो जगभरच्या घरांत पोचला. पिंजऱ्यात पिढ्यान् पिढ्या वाढला तरी त्याच्या मनातली शिकारी पक्ष्यांची भीती गेलेली नाही. दाणा टिपायला मान खाली घालायची म्हणजे तेवढा वेळ पाळत सोडायची. रानात थव्यातली बाकीची पाखरं पहारा देतात. तुमच्या दिवाणखान्यात तो एकटा असतो आणि समोर मोठमोठी अनोळखी तोंडं असतात. त्यामुळे नवा पक्षी जेवत नसेल तर चारा बदलण्याआधी त्याला कशाची भीती वाटतेय ते शोधा.

‘किती शांत आहे हो!’ हे कौतुकही इथंच तपासावं. दांडीच्या एका टोकाला अंग आक्रसून, पिसं अंगाला चिकटवून, न हलता बसलेलं पाखरू शांत नसतं, भेदरलेलं असतं. निवांत पक्षी पिसं साफ करतो, एक पाय पोटाशी घेऊन उभा राहतो, चोचीनं बारीक करकर आवाज काढतो. ही करकर ऐकू आली की समजा, घर त्याला पटायला लागलं.

‘पहिल्या दिवसापासून हातात घ्या, म्हणजे लवकर माणसाळतो’ हा सल्ला दुकानातही मिळतो आणि नातेवाइकांकडूनही. तो ऐकू नका. वरून येणारा हात त्याच्या लेखी झडप घालणारा ससाणा असतो. शिवाय पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. मुठीत छाती दाबली गेली तर नाक-तोंड मोकळं असूनही पक्षी गुदमरतो. लहान मुलांच्या घरात हे प्रत्येकाला समजावून सांगायलाच हवं. सुरुवातीला हात पिंजऱ्यात घालायचा तो फक्त चारा-पाण्यासाठी, तोही ठरलेल्या वेळी, सावकाश, खालच्या बाजूनं. उरलेल्या वेळात पिंजऱ्याजवळ तिरकं बसून हळू आवाजात बोला, वर्तमानपत्र वाचा, स्वतः काहीतरी खा. थव्यातला एक जण बिनधास्त खातोय हे दिसलं की दुसराही दाणा टिपतो. पुढे कधीतरी राळ्याचं कणीस गजांतून धरून पाहा. बहुतेक बजरीगर माणसाच्या हातातून पहिला घास घेतात तो राळ्याच्या कणसाचाच.

लवकर माणसाळवण्याच्या सल्ल्याचीच दुसरी, अधिक क्रूर बाजू म्हणजे ‘थोडा उपाशी ठेवा, आपोआप हातावर येईल’. बजरीगराचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. त्या इवल्या देहाचा चुलाणा सतत पेटलेला असतो आणि साठा जवळजवळ नसतो. पूर्ण दिवसभर अन्न नसेल तरी जिवावर बेतू शकतं. भूक हे शिकवायचं साधन म्हणून वापरायचंच नाही. माणसाळायला कितीही दिवस लागोत, तिथं घाई नको. पण खाणं थांबलं असेल तर तासांचा हिशेब ठेवा. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा इथं फार कामाचा. पक्षी दांडीवर यायला लागला की काट्यावर दांडी ठेवून रोज सकाळी वजन नोंदवा. दहावा हिस्सा वजन घटलं तर वाट पाहू नका.

पिंजरा कुठं ठेवता यावरही खाणं ठरतं. खोलीच्या मध्यावर ठेवला की चारी बाजूंनी धोका. एक बाजू भिंतीला टेकलेली हवी, उंची साधारण आपल्या छातीएवढी. जमिनीवर नको, थेट उन्हात नको आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या थरातून निघणारी वाफ माणसाला जाणवायच्या आधी पक्ष्याला मारते. अगरबत्ती आणि डासांची कॉइल यांचा धूरही त्याच खोलीत नको. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते; झोप मोडलेला पक्षी सकाळी चिडचिडा असतो आणि नीट खात नाही.

आता प्रत्यक्ष चारा. नवा पक्षी आला की लगेच ‘चांगलं’ अन्न सुरू करावंसं वाटतं. पहिला आठवडा मोह आवरा आणि दुकानात जे मिळत होतं तेच द्या. बजरीगराला दिवसाला चहाचे दीड-दोन चमचे दाणे पुरतात. वाटी उंचावर टांगलेली असेल आणि तो तिकडे फिरकत नसेल तर थोडे दाणे तळाशी कागदावर पसरा; जमिनीवर वेचणं त्याच्या अंगातच आहे.

मात्र ‘राळा-बाजरी घातली की झालं’ हेही खरं नाही. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं, सूर्यफुलाच्या बियांनी चरबी वाढते. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर हे त्याच्या रोजच्या जेवणात यायला हवं. कॅल्शियमसाठी गजांना समुद्रफेस अडकवा. इथं लोक दोनदा भाजी घालून पाहतात आणि ‘याला आवडत नाही’ म्हणून सोडून देतात. त्याला ते अन्न आहे हेच ठाऊक नसतं! गाजराचा जाड तुकडा त्याच्या दृष्टीनं एक अनोळखी नारिंगी वस्तू. पाल्याची जुडी ओली करून दांडीजवळ टांगा. ओल्या पानांत अंग घासून आंघोळ करायला त्याला आवडतं आणि त्या नादात चोच पानाला लागते. कीस असेल तर त्यावर थोडे दाणे भुरभुरा. काही आठवडे लागतील, रोज ताजं ठेवत राहायचं आणि संध्याकाळपर्यंत उरलेलं काढून टाकायचं. जीवनसत्त्वांचे थेंब पाण्यात घालण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण पाण्याची चव बदलली की बुजरा पक्षी पाणीच कमी पितो. अव्होकाडो, चॉकलेट, कांदा, लसूण, चहा-कॉफी, खारट फरसाण मात्र कधीही नाही.

मिरची आणि दूध-पोळीची परंपरा आपल्या घरांत जुनी. मिरचीनं पक्षी बोलका होतो हा निव्वळ समज. पक्ष्यांना मिरचीतलं कॅप्सेसिन झोंबतच नाही, त्यामुळे ती ते मजेत खातात. आवाज निघतो तो श्वासनलिकेच्या बुडाशी असलेल्या अवयवातून. दूध मात्र पक्ष्यांना पचत नाही. आणि गळ्याला कंठी असलेला आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार गुन्हा आहे, तो कितीही प्रेमानं ठेवला तरी.

एकट्याला सोबत म्हणून आरसा टांगण्याने प्रश्न सुटत नाही. काही पक्षी प्रतिबिंबालाच गिळलेला घास ओकून भरवत बसतात. सोबत द्यायची तर दुसरा पक्षी द्या, पण नवा-जुना महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवून मगच एकत्र आणा.

शेवटी आजाराबद्दल. घाबरलेल्या पक्ष्याची विष्ठा पहिल्या दिवशी पाणचट होते, ते बहुधा जास्तीचं मूत्र असतं, जुलाब नव्हे. पण ‘आजारी असला तर दिसेलच’ या भरवशावर राहू नका. दुबळा दिसला की शिकार होतो, म्हणून पक्षी आजार शक्य तितका लपवतो. पिसं फुगवून दिवसा डोळे मिटणं, श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होणं, दांडी सोडून तळाशी बसणं, विष्ठा अगदी थोडी आणि गडद हिरवी होणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पक्षी तपासणारा पशुवैद्य गाठा. पिंजऱ्याला तीन बाजूंनी कापड लावून ऊब द्या आणि तळाचा कागद फेकून न देता सोबत न्या. त्यावरच्या ठिपक्यांवरून डॉक्टरांना बरंच कळतं.