दिसत नाही, हेच कळत नाही

आपल्या भाषेत डोळ्यांवरून जितके वाक्प्रचार आहेत, तितके दुसऱ्या कोणत्या अवयवावरून क्वचितच असतील. मौल्यवान वस्तू आपण डोळ्यांत तेल घालून जपतो, आवडत्या माणसाच्या चुकांकडे डोळेझाक करतो आणि ठेच लागली म्हणजे आपले डोळे उघडतात. परंतु ज्यांच्या नावाने आपण हे सारे बोलतो, त्या डोळ्यांकडेच आपली डोळेझाक सर्वांत अधिक असते. या दोषातून मी स्वतःलाही वगळू इच्छीत नाही. म्हणून आरंभी माझ्याच वर्गातील एक गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी सातवीत एक मुलगा होता. तोंडी उत्तरे चोख देई; पण फळ्यावरचे गणित उतरवून घ्यायचे म्हटले, की शेजाऱ्याच्या वहीत डोकावे. मी त्याला नकल्या ठरवले आणि शिक्षा म्हणून अगदी मागच्या बाकावर बसवले. त्या सहामाहीत त्याचे गुण घसरले, तेव्हा माझा समज अधिकच दृढ झाला. एके दिवशी पटांगणात सारी मुले झाडात अडकलेल्या पतंगाकडे बोट दाखवीत होती आणि हा मात्र ‘‘कुठे? कुठे?’’ असे विचारीत होता. माझ्या मनात चर्र झाले. त्याला व्हरांड्याच्या एका टोकाला उभे करून दुसऱ्या टोकाच्या सूचनाफलकावरील अक्षरे वाचावयास सांगितली. त्याला एकही ओळ वाचता आली नाही. ‘‘अरे, आजवर बोलला का नाहीस?’’ असे विचारताच तो म्हणाला, ‘‘बाई, मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं.’’

श्रोतेहो, नेत्ररक्षणाचे सारे मर्म त्या एका उत्तरात आहे. दात दुखला तर माणूस ओरडतो, ताप आला तर अंथरुणाला खिळतो. पण दृष्टी हळूहळू उणावत असेल, तर ती उणावते आहे हे कळण्याचे साधन म्हणजे पुन्हा तीच दृष्टी! म्हणून डोळ्यांच्या बाबतीत तक्रारीची वाट पाहून चालत नाही. तपासणीच करावी लागते.

तपासणीचा अक्षरतक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. उट्रेक्ट येथील डच नेत्रवैद्य हेर्मान स्नेलेन यांनी तो १८६२ साली तयार केला. कागदावर ६/१२ असे लिहून दिले, तर त्याचा अर्थ फार सोपा आहे. निरोगी डोळ्याला जे अक्षर १२ मीटरवरून वाचता यावे, ते वाचण्यासाठी या डोळ्याला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते. चष्म्याच्या नंबराचेही तसेच. माझ्या त्या विद्यार्थ्याचा नंबर वजा साडेतीन निघाला. एक मीटरला साडेतीनने भागले असता सुमारे २८ सेंटिमीटर येतात. म्हणजे सव्वा वितीच्या पलीकडचे सारे जग त्या मुलाला धूसर होते आणि मी त्याला शेवटच्या बाकावर बसवले होते!

या दोषास निकटदृष्टिता म्हणतात. डोळ्याचा गोल वाजवीपेक्षा लांब वाढला, की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. अंतर्गोल भिंगाचा चष्मा ती प्रतिमा मागे, योग्य जागी नेऊन ठेवतो. चष्मा डोळ्याची लांबी कमी करीत नाही आणि वाढवीतही नाही. तरीही त्या मुलाच्या वडिलांनी मला हेच ऐकवले, की ‘‘एकदा चष्मा लागला, की नंबर वाढतच जातो; थोडे थांबू या.’’ नंबर वाढतो तो मुलाच्या वाढीबरोबर डोळाही वाढत असतो म्हणून. चष्मा टाळल्याने नंबर थांबत नाही. टळते ते फक्त शिक्षण.

लहान मुलांत तर थांबणे अधिक घातक असते. जन्मानंतरची सात-आठ वर्षे मेंदू पाहावयास शिकत असतो. या काळात एका डोळ्याकडून अस्पष्टच चित्र येत राहिले, तर मेंदू त्या डोळ्याचे ऐकणेच सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. वेळीच चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही काळ पट्टी, एवढ्यावर जे काम भागते, ते मोठेपणी भारी चष्म्यानेही पुरते साधत नाही. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे घरात कोणालाच संशय येत नाही. म्हणून पालकांनी एक साधा प्रयोग करावा. भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे मुलाला दुरून, एकेक डोळा तळहाताने न दाबता झाकून, वाचावयास सांगावेत. दोन डोळ्यांत अंतर आढळले, मूल डोळे बारीक करून पाहू लागले किंवा त्याचा डोळा तिरळा वाटला, तर नेत्रवैद्याकडे जाण्यास विलंब लावू नये.

निकटदृष्टिता टाळता येईल काय, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. काही अंशी येईल, आणि त्याचे औषध दुकानात मिळत नाही. चीनमधील ग्वांगजौ शहरात १२ प्राथमिक शाळांतील पहिलीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास मोकळ्या हवेत घेण्यात आला. तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा नेहमीच्या शाळांत शंभरातील सुमारे ४० मुलांना नव्याने हा दोष जडला होता. उघड्यावर अधिक वेळ घालविणाऱ्या शाळांत तो सुमारे ३० मुलांना जडला. दिवसाचा लख्ख उजेड डोळ्याच्या अवाजवी वाढीला आवर घालतो, असे शास्त्रज्ञ मानतात. अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी खेळाचा तास हिरावून घेणाऱ्या शिक्षकांत मीही होते. आता तो तास मी घेत नाही. घरीही भ्रमणध्वनीचा पडदा किंवा पुस्तक हातभर अंतरावर धरावे, मधून मधून नजर खिडकीबाहेर दूरवर टाकावी आणि संध्याकाळी मुलांना अंगणात पिटाळावे.

आता आम्हां प्रौढांकडे वळू. मी स्वतः चाळिशी ओलांडली आहे आणि अलीकडे वर्तमानपत्र हात लांब करून वाचू लागले आहे. वयोमानाने डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते. आपल्या भाषेने तर या चष्म्यालाच ‘चाळिशी’ असे नाव देऊन टाकले आहे. परंतु रस्त्यावरची तयार चाळिशी नाकावर चढवून जो समाधान मानतो, त्याची खरी तपासणी राहून जाते. कारण याच वयापासून काचबिंदूची भीती सुरू होते.

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची नावे सारखी असली, तरी प्रकृती अगदी भिन्न. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. ते काढून तेथे कृत्रिम भिंग बसवता येते आणि गेलेली दृष्टी परत येते. लंडनमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली असे पहिले भिंग बसवले. मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबण्याची आता गरज उरलेली नाही. काचबिंदूत मात्र डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू झिजते, बहुधा आतील दाब वाढल्यामुळे. गेलेले पुन्हा येत नाही. राहिलेले तेवढे थेंबांच्या औषधाने किंवा शस्त्रक्रियेने राखता येते. माझी मावशी रोज रात्री प्रार्थनेच्या पुस्तकातील बारीक टाईप सहज वाचीत असे, पण चालताना चौकटीवर आदळे. वयाचा दोष म्हणून आम्ही हसण्यावारी नेले. काचबिंदू आधी कडेची दृष्टी खातो आणि मधली शेवटपर्यंत राखतो, हे आम्हांला फार उशिरा कळले. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असल्यास तर अवश्यच. मधुमेह्यांनी दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करावी, दिसत चांगले असले तरीही.

शेवटी दोन शब्द अपघातांविषयी. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, ग्वाल्हेर आदी शहरांत कार्बाइडच्या घरगुती बंदुकांनी कितीतरी मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. गंमत म्हणून घेतलेल्या वस्तूची ही किंमत! घरातील चुन्याची पुडीही तितकीच वैरीण आहे. चुना डोळ्यात गेल्यास क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याची धार धरून डोळा निदान अर्धा तास धुवावा आणि मग दवाखाना गाठावा. मध, दूध, पाल्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. उरलेले जुने थेंबही घालू नयेत. त्यांत स्टिरॉइड असल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवू शकतात. आणि हो, डोळ्यांत तेल घालून जपा, पण प्रत्यक्ष तेल मात्र घालू नका!

त्या मुलाला अखेर चष्मा मिळाला. पहिल्या दिवशी वर्गात आल्यावर तो फळ्याकडे न पाहता भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून बसला. काय पाहतोस, असे विचारले, तर म्हणाला, ‘‘बाई, ह्याला तिसरा काटा आहे!’’ तो सेकंदाचा काटा वर्षभर त्याच्या डोक्यावर फिरत होता. मी त्याला पहिल्या बाकावर बसवले. तेव्हापासून दर जूनमध्ये पुस्तके उघडण्यापूर्वी मी प्रत्येक मुलाला व्हरांड्याच्या टोकाला उभे करते आणि एकेक डोळा झाकून फलक वाचावयास लावते. या कामाला अर्धी सकाळही लागत नाही. आपल्या घरातील भिंतीवरही दिनदर्शिका असेलच. तेवढी आजच वाचून पाहा.