बीजांडांचे सहा प्रकार : पाठांतर नको, हात वापरा



बारावीच्या मुलांना बीजांडाचे प्रकार विचारले की सहा नावं धडाधड म्हणून दाखवतात. पण आकृती पुढे ठेवली की गडबडतात. कारण नावं पाठ असतात, वळण समजलेलं नसतं.

आधी तीन जागा पक्क्या करा. बीजांड अंडाशयाला ज्याने जोडलेलं असतं तो देठ, देठाकडचा तळ आणि परागनलिका जिथून सहसा आत शिरते ते बीजांडद्वार. आता मुलांना एक हात पुढे करायला सांगा. खांदा म्हणजे अंडाशयाची भिंत, दंड म्हणजे देठ, कोपर म्हणजे तळ, बोटांची टोकं म्हणजे द्वार.

१. ऑर्थोट्रॉपस : हात सरळ. द्वार भिंतीपासून सर्वांत लांब. उदा. मिरी, आंबट चुका.
२. अॅनाट्रॉपस : कोपर पूर्ण दुमडा, बोटं खांद्याला लागतील. बीजांड उलटं झालं, पण स्वतः वाकलं नाही. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हाच प्रकार. उदा. सूर्यफूल, एरंड.
३. हेमीअॅनाट्रॉपस : कोपर काटकोनात, पंजा सरळ.
४. कॅम्पिलोट्रॉपस : कोपर काटकोनात आणि मनगटही आत वळवा. इथे बीजांड स्वतः वाकतं. उदा. मोहरी, राजगिरा.
५. अॅम्फिट्रॉपस : वाक आणखी वाढतो, आतला भ्रूणकोशही घोड्याच्या नालासारखा होतो. पुस्तकात खसखशीचं उदाहरण असतं.
६. सर्सिनोट्रॉपस : लांब देठ बीजांडाभोवती वेढा घालतो. उदा. फड्या निवडुंग.

म्हणजे प्रश्न एकच : देठाशी वळलं, की बीजांड स्वतः वाकलं?

दुसऱ्या व चौथ्या प्रकारात द्वार भिंतीजवळ येतं. परागनलिका बहुधा भिंतीलगतच येते, म्हणून तिची वाट सोपी होते. याची खूण बीवर राहते. भिजवलेला पावटा हलकेच दाबा. देठाच्या खुणेशेजारच्या बारीक छिद्रातून पाण्याचा थेंब येतो. तेच द्वार!

आपल्या मारुंजीत रिकाम्या प्लॉटवर एरंड दिसतो. त्याच्या बीवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी रेघ म्हणजे चिकटलेल्या देठाची खूण. मात्र ही बी मोठ्यांनीच हातात धरून दाखवावी. तिच्यात रायसिन हे जहाल विष असतं, चावली तर जिवावर बेतू शकतं.

उद्याच्या तासाला फळ्याआधी हात वापरून बघा. परीक्षेत मूल अडलंच, तर हात त्याच्याजवळ असेलच ना!