चळवळीचें गाणें

चळवळ उभी राहते ती विचारावर. परंतु तो विचार घरोघर पोंचतो तो पुष्कळदां गाण्याच्या वाटेनें. व्याख्यान ऐकून मनुष्य घरीं येतो, तेव्हां त्यांतील दोनचार मुद्दे त्याच्या ध्यानांत असतात. पोवाडा ऐकून येतो, तेव्हां त्याची चाल त्याच्या ओठांवर असते. दुसऱ्या दिवशीं ती शेजाऱ्याच्या कानीं पडते. ज्याला अक्षरओळख नाहीं, त्याचेंहि यांत कांहीं अडत नाहीं.

महाराष्ट्रांतील सुधारकांनीं हें मर्म ओळखलें होतें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याचा विचार खेड्यापाड्यांत नेण्यासाठीं पुढें सत्यशोधक जलसे निघाले. ह्या जलशांनीं तमाशाचाच सांचा उचलला. वाद्यें, चाली, सवालजवाब हें सारें लोकांच्या ओळखीचें होतें. बदलला तो मजकूर. शृंगाराच्या जागीं सावकारी, अंधश्रद्धा व शिक्षण हे विषय आले. लोक करमणुकीसाठीं जमत आणि विचार घेऊन परतत.

हीच परंपरा शाहीर अण्णा भाऊ साठे यांनीं मुंबईच्या कामगारवस्त्यांत पुढें चालविली. १९४४ सालीं अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनीं लाल बावटा कलापथक काढलें. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड विशेष गाजली. तिची रचना पाहण्याजोगी आहे. आरंभीं ती साधी विरहाची लावणी वाटते. पोटासाठीं मुंबईस आलेला गडी गांवीं राहिलेल्या बायकोसाठीं झुरत आहे. गिरणगांवांतील किती तरी कामगारांची स्थिति हीच असल्यामुळें गाणें त्यांस आपलेंच वाटलें. शेवटीं मात्र शाहीर तीच ताटातूट खंडित महाराष्ट्राला लावून दाखवितो. बेळगांव, कारवार, डांग हे भाग म्हणजे दुरावलेली मैना! नकाशावरील रेषेचें दुःख ज्याला एरवीं उमगलें नसतें, त्याला तें स्वतःच्या संसारावरून उमगलें.

अर्थात् केवळ गाण्यानें राज्य मिळत नाहीं. संघटना, सत्याग्रह आणि शंभराहून अधिक हुतात्म्यांचें बलिदान यांमुळें १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें. बेळगांव व कारवार आजहि कर्नाटकांत आहेत. डांग गुजराथेंत आहे. प्रश्न सुटला कीं त्याचें गाणें इतिहासांत जमा होतें. ह्या छक्कडीचा उत्तरार्ध अद्याप तसा जमा झालेला नाहीं. म्हणून तिचा पूर्वार्ध तेवढा गाऊन थांबणें म्हणजे शाहिराचें अर्धेंच म्हणणें ऐकणें होय.